ग्रहाचं बाळ

बाळाच्या कपाळावरची ओली घडी उलटायला मनकर्णानं हात उचलला आणि परसातून आलेला शब्द ऐकून तो तसाच वर राहिला. शब्द होता बाळग्रह. तो उच्चारला होता तिच्या सासूनं, सखुबाईनं, आणि तोही घाबरून नव्हे. सूप पाखडता पाखडता, डाळीतला खडा वेचून बाजूला टाकावा तसा. शेजारची चतुराबाई परसदाराच्या उंबऱ्यावर बसली होती. सखुबाई तिला सांगत होती की पोराला ज्या आकड्या येऊन राहिल्या त्या काही तापाच्या न्हाईत, त्या डॉक्टरला काय कळतं. "ग्रह लागला बाई. बाळग्रह. सूनबाईनं हैदराबादेत कॉलेजात त्याची वळख करून घेतली हुती, त्यो आता वळख काढत आला हिंगोलीला." चतुराबाई पदर तोंडाशी नेऊन हसली. मग दोघींचं ठरलं, तेही तितक्याच सहज. उद्या सकाळी चतुराबाई सळई घेऊन येणार, लेकराच्या पोटावर बेंबीभोवती डाग देणार. आपल्या हातचे डाग कसे लवकर खपली धरतात हेही तिनं सांगितलं. सूप पुन्हा सुरू झालं. मनकर्णानं घडी उलटली. कपाळाकडची बाजू कोमट झाली होती, आणि त्या कोमटपणाचाच तिला एकदम धसका बसला.

खोली लहान होती, आणि वारा लागू नये म्हणून सखुबाईनं खिडकीला गोणपाट लावून टाकलं होतं. त्याच्या विणीतून ऊन यायचं ते बाळाच्या अंगावर ठिपक्याठिपक्यांनी पडायचं. ते ठिपके बाळाच्या श्वासाबरोबर वरखाली होतात की नाही हे पाहत ती तासन्‌तास बसून राहायची. झोपेत त्याच्या पापण्या थरथरल्या की ती त्याच्यावर वाकायची. मूठ मिटली की वाटायचं, आता. मूठ उघडली की वाटायचं, उघडली कशाला. आकडी दोनदा आली होती, दोन्ही वेळा अंग तापून फणफणलेलं असताना. दवाखान्यातल्या डॉक्टरनं बाळाचे डोळे पाहून, छाती तपासून सांगितलं होतं की या वयात काही मुलांना ताप डोक्यात चढला की असं होतं, अंग गार ठेवा, मोठा झाला की थांबेल. तिचा नवरा उकंडराव शेजारी उभा राहून मान डोलावत होता. घरी येऊन त्यानं कोट खुंटीला लावला, आणि डॉक्टरचं बोलणंही बहुतेक त्या कोटाबरोबरच खुंटीला लागलं. आईनं काय म्हणाले विचारलं तेव्हा तो म्हणाला, बघू.

शब्द मात्र तिचाच होता, हे तिला राहून राहून टोचत होतं. सखुबाईनं तो कुठून उपटून आणला नव्हता. मनकर्णानंच तो तिच्या ओंजळीत घातला होता. लढाईमुळं रॉकेल मिळेनासं झालं होतं, म्हणून जेवणं उजेडात उरकून घरातली सगळी संध्याकाळचं माळवदावर बसायची. अशाच एका संध्याकाळी, बाळ सखुबाईच्या मांडीवर पाय झाडत असताना, सखुबाईनं विचारलं होतं की एवढी वर्षं तू शिकलीस म्हंजे केलंस काय. विचारण्यात टोमणा नव्हता, निदान त्या संध्याकाळी नव्हता. मनकर्णाला भरून आलं होतं. या घरात हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनं सांगितलं की एका सय्यारच्याची वाट शोधून काढली. हैदराबादेत तिचं शिक्षण उर्दूत झालेलं, आणि उर्दूत सय्यारा म्हणजे ग्रह आणि सय्यारचा म्हणजे त्याहून धाकटा. त्याला मराठीत काय म्हणायचं हे तिला ठाऊक नव्हतं. लघुग्रह हा शब्द असेलही कुठल्या पुस्तकात, पण तो तिच्यापर्यंत आलेला नव्हता. म्हणून तिनं सासूच्या मांडीवर पाहिलं, हसली, आणि म्हणाली, ग्रहाचं बाळच म्हणा ना. आणि मग, अंगात आल्यासारखी, न विचारलेलंही सांगत सुटली. त्याला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेचार वर्षं लागतात. मी हिशेब केला तेव्हा जिथं होता तिथंच तो आता परत आला असेल. दिसायचा नाही, सूर्याआड आहे, पण आलाय. सखुबाईनं आभाळाकडं पाहिलं आणि बाळाच्या अंगावर पदर ओढला. दोन दिवसांनी बाळाला पहिली आकडी आली.

त्या एका संध्याकाळच्या आनंदाचा तिला आता राग येत होता, आणि तरी गोणपाटाच्या ठिपक्यांकडं पाहता पाहता ती पुन्हा तिथंच जायची, हैदराबादच्या त्या उंच छताच्या खोलीत, जिथं खालून पंचवीस पायऱ्या चढून आल्यासारखी धाप आकडेमोडीनंच लागायची. वेधशाळेतून आभाळाचे फोटो घेतलेल्या काचेच्या पट्ट्या यायच्या. त्यांवर तारे ठिपके होऊन उमटलेले असायचे आणि त्यांत एखादीच बारीक रेघ, नखानं ओरखडल्यासारखी, तो सय्यारचा. तो हलला म्हणून रेघ. तीन वेगळ्या रात्रींच्या जागा घ्यायच्या, लॉगॅरिथमच्या कोष्टकांत मान घालायची, आणि कित्येक दिवसांनी कागदावर एक लांबट वाटोळं निघायचं, थोडं कललेलं, थोडं एका बाजूला सरकलेलं. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या त्या पट्ट्यात असे हजारो खडक आहेत. गुरूच्या ओढीनं त्यांना एकत्र येऊन कधी ग्रह होऊच दिलं नाही, असं म्हणतात. तिच्या वाट्याचा उजळायचा, मंदावायचा, पुन्हा उजळायचा, तेही काही तासांत. म्हणजे तो गोल नव्हता. लांबट, ओबडधोबड, कोळशासारखा काळपट, आपल्याच अंगाभोवती कोलांट्या घेणारा. वारा नाही, पाणी नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम हिंगोली ते नांदेड. नांदेड तिचं माहेर. तेव्हा ती हिंगोलीला कधी आलेली नव्हती, म्हणजे हे अंतर तिनं दुसऱ्याच कुठल्या गावांवरून मोजलं असणार; पण आता आठवणीतही ते असंच मोजलं जायचं. गणिताचे बुजुर्ग प्रोफेसर तिच्या कागदावर वाकले होते आणि ते वाटोळं बोटानं गिरवत म्हणाले होते, "गिर रा है बेटा. हर वख्त गिर रा है. मगर पहुँचता नईं." सूर्याच्या ओढीनं तो सतत पडत असतो, पण पुढं जाण्याचा वेगही असा की पडता पडता नेम चुकतो. सुटत नाही आणि आदळतही नाही. तेव्हा तिला हे फार सुंदर वाटलं होतं.

दुपार कलू लागली तसा तिनं पळून जाण्याचा विचार केला, आणि विचार करता करताच तो कसा कसा फसेल हेही तिला दिसत गेलं. टांगा बोलवायचा तर तो घराच्या दारातून. उकंडराव वकिलांच्या बायकोला टांगेवाला एकटीला स्टेशनवर सोडून आला असं होणार नाही, तो आधी कचेरीत जाऊन वर्दी देणार. पायी जायचं तर सगळी गल्ली ओसरीवर बसलेली. समजा गाडीत बसलीच. पूर्णेला गाडी बदलायची, तापलेल्या लेकराला घेऊन फलाटावर बसायचं, आणि तिथंच तिसरी आकडी आली तर. नांदेडला आई दार उघडील, पाणी देईल, बाळाला घेईल, आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला सोबत देऊन परत पाठवील, कारण सणावाराशिवाय आलेली लेक घरात ठेवायची म्हणजे लोकांच्या तोंडाला काय लावायचं. पंचमीला न्यायचं, दिवाळीला न्यायचं, ठरल्या दिवशी आणून घालायचं. ती उठून दाराशी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं, कडी नव्हती. ते उघडंच होतं याचंच तिला रडू आलं.

दिवेलागणीला उकंडराव कोर्टातून आला. तिनं त्याला खोलीतच गाठलं, पाण्याचा तांब्याही न देता. त्याला सगळं माहीत होतं. आईनं ओसरीवरच सांगितलं असणार. तो बाळाच्या कपाळाला हात लावून उभा राहिला. ती म्हणाली की तुम्ही डॉक्टरांचं ऐकलंत, तुमच्यासमोर सांगितलं त्यांनी, तुम्ही नाही म्हणा. इतकंच. तुम्ही नाही म्हणालात तर आत्याबाई ऐकतील.

"तिची दोन गेली," उकंडराव म्हणाला. "माझ्या आदीची. दोन्ही आकड्यांनीच. मी जगलो. तिला काय सांगू मी?"

मग त्यानं सदऱ्याखालून पोटावर हात ठेवला, सवयीनं, त्याला कळलंही नसावं. तिथं काय आहे हे मनकर्णाला ठाऊक होतं. लग्नानंतर पहिल्यांदा अंधारात तिच्या बोटांना ते लागलं तेव्हा ती दचकली होती: बेंबीभोवतीचे चार गोल, गुळगुळीत, त्या जागी कातडीला केसही नाहीत. त्यानं तेव्हा हसत हसत सगळं सांगितलं होतं. दोन मुलं गेल्यावर तिसरं झालं, तर ते कुणाच्या डोळ्यांत भरू नये म्हणून सखुबाईनं ते उकिरड्यावर नेऊन ठेवलं, दुसऱ्या बाईनं उचलून आणलं, आणि तिनं ते शेरभर ज्वारीला परत विकत घेतलं. उकिरड्यावरचा तो उकंडराव. कोर्टात मुन्सफसाहेबांना नाव लिहिताना दोनदा विचारावं लागतं. त्यालाही तिसऱ्या महिन्यात आकडी आली, आणि त्याला डागलं, आणि तो जगला. पुढं शिकला, सनद घेतली, दुसऱ्यांच्या बाजूनं तासभर बोलू लागला. आईसमोर त्याला एक वाक्य सुचत नव्हतं. "मी मेलो का?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका हळू होता की ते खरंच तिला विचारल्यासारखं वाटलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो तिथं पुरावा म्हणून उभा होता. आईनं जन्मभर जपलेला, चालताबोलता, पगडी घालून कोर्टात जाणारा पुरावा. पुराव्याला नाही कसं म्हणता येईल.

सकाळी ताप थोडा उतरला होता. ऊन परसात उतरायच्या आत उकंडराव कळमनुरीला एका पक्षकाराकडं जायचं म्हणून निघून गेला. चतुराबाई आली. तिनं चुलीत सळई घातली आणि फुंकणीनं विस्तव फुलवला. सखुबाई पाय लांब करून बसली आणि तिनं बाळाला मागितलं, अंघोळ घालायला मागते तसं. आणि मनकर्णानं दिलं. तिनं स्वतःच्या हातांनी दिलं, हे तिला पुढं कितीतरी वेळा आठवायचं. हात पुढं झाले, बाळ त्या ओळखीच्या पायांवर निजलं, आजीकडं पाहून खुदकन हसलं. सखुबाईनं त्याचं झबलं वर केलं. पोट मऊ, फुगीर, बेंबी थोडी वर आलेली. चतुराबाई म्हणाली, माय, डोळे मीट नाहीतर आत जा, पहिलटकरणीला बघवत न्हाई. सळईचं टोक लाल झालं होतं. आणि मनकर्णाच्या तोंडून शब्द आले ते तिनं ठरवलेले नव्हते, आणि आवाजही तिचा नव्हता. तो थोडा प्रोफेसरांसारखा होता, थोडा पोथी सांगणाऱ्यासारखा.

"आत्याबाई, तो वक्री आहे. वक्री असताना विस्तवानं शिवू नये."

सखुबाईचा हात झबल्यावर थांबला. "कोन वक्री?"

"ग्रहाचं बाळ. मी त्याची वाट काढलीय. उलटा चाललाय तो सध्या. अशात आग दाखवली तर जाता जाता परत फिरतो."

वक्री हा शब्द खोटा नव्हता, नुसता चुकीच्या जागी होता. आपली पृथ्वी शेजारून पुढं निघून जाते तेव्हा तो खडक आभाळात उलटा चालल्यासारखा दिसतो, एवढंच. गाडीतून मागं जाणारी झाडं दिसतात तसं. आणि त्या सकाळी तर तो सूर्यापलीकडं होता, सरळ चालला होता, त्याला कशाचंही सोयरसुतक नव्हतं. चतुराबाईनं सळई चुलीबाहेर काढून धरली होती. ती म्हणाली की आता जोश्याला घरी बसवा, सुना पंचांग सांगून राहिल्या. पण सखुबाई हसली नाही. ती मनकर्णाकडं पाहत होती, इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं तसं.

"मंग हे काल काहून न्हाई बोललीस?"

"तुम्ही विचारलं नाही."

"आन परत कवा येतो?"

कधीच नाही, असं म्हणायला हवं होतं. तिला ते कळतही होतं. पण आकड्यावर येऊन जीभ अडली. कित्येक महिन्यांच्या आकडेमोडीतून निघालेला तो एकच आकडा तिचा स्वतःचा होता, आणि तो खोटा सांगणं तिच्यानं झालं नाही. "साडेचार वर्षांनी," ती म्हणाली.

सखुबाईनं मान हलवली. बाळाचं झबलं खाली केलं. चतुराबाईला म्हणाली, "ठेव ती. वक्रीपन सरलं की डागू. पळून जातं व्हय लेकरू?" चतुराबाईनं सळई पाण्याच्या बादलीत बुडवली. चर्र झालं, वाफ आली, आणि ती पुटपुटत निघून गेली. मनकर्णा भिंतीला टेकून उभी राहिली. सुटका झाली असं वाटायला काही क्षण लागतात आणि तेवढे क्षणही तिला मिळाले नाहीत. वक्रीपण सरलं की. म्हणजे पुढच्या महिन्यात, नाहीतर त्याच्या पुढच्या. किती दिवस तो खडक उलटा चालवायचा, सखुबाई रोज विचारील, सरलं का. आणि कधीतरी तिच्या तोंडून सरलं निघेलच.

परसात दोघीच उरल्या. बाळ आजीच्या पायांवर पाय झाडत होतं. सखुबाईनं त्याच्या तळव्याला तेल चोळायला घेतलं, एक तळवा चोळून झाला, दुसरा हातात धरला, आणि तिथंच ती थांबली.

"माझा दुसरा," ती म्हणाली. "उकंडाच्या आदीचा. त्याला डागलं हुतं."

मनकर्णाला हे माहीत नव्हतं. नवऱ्यालाही बहुधा नव्हतं. घरात नेहमी एवढंच बोललं जायचं की दोन गेली आणि तिसरा डागला म्हणून जगला.

"पहिला डाग दिला न्हाई म्हनून गेला, असं सासू म्हनली. म्हनून दुसऱ्याला दिला. चांगला रांगत हुता. डाग चिघळले, आन आठ दिसांत..." तिनं तळवा सोडला नाही. "हिंगोलीला रेल्वेचे रूळ टाकून राहिले हुते त्या सालची गोष्ट. पावसाळ्यात. तू मोज. तवा वक्री हुता का त्यो?"

तिनं हे विचारलं ते सहज, बाजारभाव विचारावा तसं. पण तिच्या मानेची शीर उडत होती, आणि मनकर्णाचे डोळे, ज्यांना कुठलीही थरथर पाहायची आता सवयच जडली होती, त्या शिरेवरून हलेनात. मोजायला वेळ लागला नाही. रूळ पडत होते ते साल, तिथून आजपर्यंतच्या फेऱ्या, उरलेले महिने. आकडा स्वच्छ निघाला. त्या पावसाळ्यात तो सरळ चालला होता. ते सांगितलं असतं तर सखुबाईनं मोठा श्वास सोडला असता; डाग वेळेवर होते, लेकराचं आयुष्यच तेवढं, आपला काही दोष नव्हता. आणि वक्रीपण सरल्यावर, कुठल्यातरी सकाळी, ती निश्चिंत मनानं पाय लांब करून बसली असती. बाळानं आजीच्या पदराचं टोक धरलं आणि तोंडात घातलं. झबलं पुन्हा थोडं वर सरकलं होतं.

"हो," मनकर्णा म्हणाली. "वक्रीच होता."

सखुबाईनं बाळाच्या मुठीतून पदराचं टोक हलकेच सोडवून घेतलं. हाताला तेल होतं ते तिनं स्वतःच्या दंडाला पुसलं, एकदा, आणि मग पुसायचं काही उरलं नव्हतं तरी पुन्हा. मनकर्णाला वाटलं ती रडेल, ओरडेल, देवाला नाहीतर सासूला शिव्या देईल. त्यातलं काहीही झालं असतं तर तिनं धावत जाऊन सगळं खोटं आहे म्हणून सांगितलं असतं. निदान नंतर तिला तसं वाटायचं. पण सखुबाई फक्त आपल्या पायांवरच्या बाळाकडं पाहत राहिली, आणि बघता बघता तिनं दोन्ही हात त्याच्यापासून दूर केले, चुलीवरच्या भांड्याला चुकून हात लागावा तसे.

"घे," ती म्हणाली. "तुझं तू घे."

मनकर्णा पुढं झाली, वाकली, बाळाला उचललं. ते गार होतं, पुरतं गार, तापाचा मागमूस नव्हता. त्यानं आजीकडं वळून हात पसरले. सखुबाईनं पाय जवळ घेतले आणि भिंतीकडं तोंड करून बसली.